झुंडीबाहेरचा माणूस : हेन्री फोंडाचे तेरा चित्रपट

हेन्री फोंडाने १९३५ ते १९८१ या काळात ऐंशीच्या आसपास चित्रपटांत कामं केली. त्यांतले तेरा या संग्रहासाठी निवडले आहेत. तिकीटबारीचा निकष लावला असता तर यातले कित्येक बाहेरच राहिले असते, कारण 'द ऑक्स-बो इन्सिडंट', 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आणि 'फेल सेफ' प्रदर्शित झाले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. पुरस्कारांचा निकष लावला असता तर पंचाईत आणखी वाढली असती. अभिनयाच्या स्पर्धेतलं ऑस्कर फोंडाला एकदाच मिळालं, तेही कारकिर्दीच्या अगदी शेवटी, मृत्यूच्या साडेचार महिने आधी. या निवडीमागचा धागा वेगळा आहे. तेरांपैकी बहुतेक चित्रपटांत कुठे ना कुठे फास लटकतो आहे. कधी तो खरोखरचा दोर असतो, कधी विजेची खुर्ची, कधी नुसतं कोठडीचं दार. फोंडा दर वेळी त्या फासाभोवती वेगळ्या जागी उभा आहे: आरोपी म्हणून, वकील म्हणून, बघ्या म्हणून, ज्युरीतला एक सदस्य म्हणून आणि अखेरीस फास देणारा म्हणून. एकाच नटाच्या वाट्याला एकाच प्रसंगातल्या इतक्या जागा आल्या, याला मी योगायोग मानत नाही. त्याचं मूळ ओमाहा शहरात आहे.

फोंडाचा जन्म १६ मे १९०५ रोजी नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडचा, पण तो वाढला ओमाहात. वडील विल्यम फोंडा यांचा तिथे छापखाना होता. २८ सप्टेंबर १९१९ रोजी ओमाहाच्या न्यायालयाच्या इमारतीभोवती हजारोंचा जमाव जमला. आत कोठडीत विल ब्राउन नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार होता. एका गोऱ्या तरुणीवर हल्ला केल्याचा आरोप त्याच्यावर होता. खटला अजून उभाही राहिला नव्हता. जमावाने इमारत पेटवली. मध्ये पडलेल्या महापौर एडवर्ड स्मिथ यांच्याच गळ्यात दोर अडकवला. ते मरता मरता वाचले. मग ब्राउनला बाहेर ओढून लटकवलं, त्याच्या देहावर गोळ्या झाडल्या आणि शेवटी तो जाळला. चौदा वर्षांच्या हेन्रीला वडील त्या संध्याकाळी छापखान्यात घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून त्याने हे सगळं पाहिलं. वडिलांनी काही समजावून सांगितलं नाही, उपदेश केला नाही. छापखाना बंद करून बापलेक गप्प घरी गेले. फोंडाने पुढच्या आयुष्यात ही हकिगत मुलाखतींमधून सांगितली आहे. तिच्यात त्या खिडकीइतकंच वडिलांचं ते न बोलणंही आहे.

नाटकात तो आला तो शेजारच्या एका बाईंमुळे. डोरोथी ब्रँडो या ओमाहा कम्युनिटी प्लेहाउसच्या उत्साही कार्यकर्त्या, आणि एका तान्ह्या मुलाची आई. तो मुलगा म्हणजे मार्लन ब्रँडो. १९२५ मध्ये त्यांनी या बुजऱ्या, उंच पोराला रंगमंचावर ढकललं. नंतर पूर्व किनाऱ्यावर केप कॉडच्या युनिव्हर्सिटी प्लेअर्स या मंडळीत तो गेला. जेम्स स्टुअर्टशी त्याची जन्मभराची मैत्री त्याच वर्तुळातली. न्यूयॉर्कमध्ये काम मिळत नसलेल्या दिवसांत दोघं एकाच खोलीत राहत. राजकारणात एक कट्टर रिपब्लिकन, दुसरा तितकाच पक्का डेमोक्रॅट. त्यावरून एकदा कडाक्याचं वाजल्यावर त्यांनी तो विषयच वर्ज्य केला आणि विमानांची मॉडेलं जोडत बसण्यात मैत्री टिकवली.

'द फार्मर टेक्स अ वाइफ' हा १९३५ चा पहिला चित्रपट. दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंगने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तू अजून थिएटरातल्या शेवटच्या रांगेसाठी अभिनय करतो आहेस. फोंडाने ही सूचना इतकी मनावर घेतली की त्यापुढे त्याच्या चेहऱ्यावरची एकही रेष गरजेवाचून हलली नाही. त्याच्या संयमाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या मते त्याची खरी ताकद पाहण्यात आणि ऐकण्यात आहे. समोरचा बोलत असताना कॅमेरा फोंडावर आला की आपण त्या बोलण्याचं वजन त्याच्या डोळ्यांत मोजू लागतो. बहुतेक नट आपलं वाक्य येईपर्यंत थांबलेले असतात. फोंडा थांबलेला कधीच दिसत नाही.

संग्रहातला पहिला चित्रपट १९३७ चा 'यू ओन्ली लिव्ह वन्स'. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला. त्याचा अमेरिकेतला पहिला चित्रपट 'फ्युरी' झुंडीवरच होता, आणि हा दुसरा. एडी टेलर हा तुरुंगातून सुटलेला तरुण सरळ मार्गाने जगू पाहतो, पण न केलेल्या दरोड्यासाठी आणि खुनांसाठी पकडला जातो. यातलं एक दृश्य विसरता येत नाही. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्राच्या कचेरीत पहिल्या पानाच्या तीन प्रती तयार आहेत: सुटला, ज्युरीत एकमत नाही, दोषी. तिन्हींवर एडीचे वेगवेगळे फोटो आहेत. सुटला तर हसरा, दोषी ठरला तर गुन्हेगारासारखा दिसणारा. फोन येतो आणि एक पान निवडलं जातं. माणूस तोच, चेहरा मात्र निकालाप्रमाणे ठरतो. फोंडाचं काम इथे अजून कच्चं आहे, काही ठिकाणी राग नुसता वरवरचा वाटतो. आणि लँगच्या छळवादी कार्यपद्धतीशी त्याचं मुळीच जमलं नाही. तरीही सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पुढच्या वीस वर्षांत तो ज्या प्रश्नाभोवती फिरणार आहे तो इथे उघडावाघडा मांडलेला आहे.

दोन वर्षांनी जॉन फोर्ड भेटला. लिंकनची भूमिका म्हणजे देवाचीच भूमिका, म्हणून फोंडाने आधी नकार दिला होता. हा राष्ट्राध्यक्ष लिंकन नसून स्प्रिंगफील्डचा एक होतकरू वकील आहे, असं फोर्डने त्याला त्याच्या नेहमीच्या शिवराळ भाषेत पटवलं. 'यंग मिस्टर लिंकन'मध्ये दोन भावांना फाशी देण्यासाठी गाव ओंडका घेऊन तुरुंगाच्या दारावर चालून येतं, आणि लांब तंगड्यांचा हा वकील दाराशी एकटा उभा राहतो. तो भाषण ठोकत नाही. आधी कुस्तीचं आव्हान देतो, मग विनोद करतो, आणि मग गर्दीतल्या एका भल्या माणसाला नावाने हाक मारतो. नाव घेतल्याबरोबर तो माणूस गर्दीचा राहत नाही, स्वतःचा होतो आणि मान खाली घालतो. ओमाहात महापौराला जे साधलं नाही ते पडद्यावर इथे साधतं. फोर्डला त्या घटनेचा तपशील किती ठाऊक होता याने फरक पडत नाही. दाराशी कोण उभं आहे हे पाहिलं की पुरे.

१९४० च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'साठी फोंडाने मोठी किंमत मोजली. टॉम जोडची भूमिका हवी असेल तर सात वर्षांचा करार कर, असं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या डॅरिल झॅनकने बजावलं. फोंडाने सही केली आणि नंतर त्या करारापायी कितीतरी सुमार चित्रपट केले. टॉम जोड मात्र त्याला मिळाला. जॉन स्टाइनबेकची कादंबरी १९३९ च्या एप्रिलमध्ये आली आणि दहा महिन्यांच्या आत फोर्डचा चित्रपट पडद्यावर होता. ओक्लाहोमातली शेतं धुळीने आणि कर्जाने गिळलेली, ट्रॅक्टर घरांवरून चाललेले, आणि बिऱ्हाडं मोडक्या ट्रकवर लादून कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबं. ही अमेरिका तेव्हा इतिहास झालेली नव्हती. ती त्याच वर्षी रस्त्यावर होती. सुरुवातीच्या चौकटीत विजेच्या खांबांच्या रांगेखालून एक ठिपका चालत येतो. चेहरा दिसण्याआधीच चाल ओळखू येते: गुडघ्यातून सैल, काहीशी बदकासारखी, कुठेही न घाई केलेली. तुरुंगातून सुटलेला माणूस असाच चालेल, स्वतःच्या पायांवर पुन्हा विश्वास ठेवत.

आईचा निरोप घेण्याचं अखेरचं दृश्य फोर्डने फारशा तालमीशिवाय, जवळपास पहिल्याच झटक्यात घेतलं. छायालेखक ग्रेग टोलँडने त्यात उजेड जेमतेम ठेवला आहे. फोंडा समोरच्या काळोखाकडे पाहत बोलतो. शब्द मोठे आहेत, कुठल्याही नटाला भाषणबाजीकडे ओढतील असे. पण फोंडा ते शोधत शोधत बोलतो, हे विचार आत्ताच सुचताहेत असं वाटावं इतक्या हळू. जेन डार्वेलच्या चेहऱ्यावर त्यातलं निम्मंच पोचतं, आणि आई समजून न समजल्यासारखी ऐकत राहते. डार्वेलला आणि फोर्डला ऑस्कर मिळालं. फोंडाचं नामांकन झालं, पण पुरस्कार गेला 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी त्याच्या खोलीतल्या जुन्या सोबत्याकडे, स्टुअर्टकडे.

आता 'द ऑक्स-बो इन्सिडंट'. एकच चित्रपट वाचवता येईल असं कोणी म्हटलं तर मी हा वाचवेन. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कची कादंबरी विल्यम वेलमनला झपाटून गेली होती. झॅनकला त्यात धंदा दिसत नव्हता, आणि वेलमनने त्याच्या मर्जीचे इतर चित्रपट करण्याची तयारी दाखवून हा पदरात पाडून घेतला. १९४३ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत तो आला तेव्हा लोकांना तो नकोसा झाला. नेव्हाडातलं एक गाव. एका गुराख्याचा खून झाल्याची खबर येते. शेरीफ गावाबाहेर, मन शांत करायला दारूचा गुत्ता तेवढा. पाठलागावर निघालेल्या टोळीला रात्री तीन परके सापडतात. पुरावा तोकडा, पण पहाटेपर्यंत थांबण्याची कुणाची तयारी नाही. मत घेतलं जातं. फाशी नको म्हणणारे सात जणच बाजूला येऊन उभे राहतात.

त्या सातांत फोंडा आहे. पण गिल कार्टर नायक नाही, आणि या चित्रपटाचं मोठेपण मला त्यातच दिसतं. तो भांडखोर आहे, आपल्यावर संशय येईल या भीतीने टोळीबरोबर आलेला आहे. विरोध करतो, पण पुरेसा नाही. एकदा हात उगारतो आणि आडवा होतो. बाकी वेळ तो पाहतो. टोळीत स्पार्क्स नावाचा एक कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आहे, लीग व्हिपरने केलेला. लहानपणी आपल्या भावाला असंच मारताना पाहिल्याचं तो सांगतो, तेव्हा ऐकणारा माणूस फोंडा असतो. ते दृश्य चाललेलं असताना फोंडाच्या डोक्यात काय असेल याचा तर्क करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. सकाळी कळतं की खून झालेलाच नव्हता. मेलेल्यांपैकी एकाने बायकोला लिहिलेलं पत्र गिल दारूच्या गुत्त्यात वाचून दाखवतो. वेलमनने कॅमेरा असा लावला आहे की शेजारी उभ्या हॅरी मॉर्गनच्या टोपीच्या कडेआड फोंडाचे डोळे झाकले जातात, दिसतं ते फक्त तोंड. ज्या नटाचं सारं भांडवल डोळ्यांत आहे त्याचे डोळेच काढून घ्यायचे, आणि पत्रातले शब्द मोकळे सोडायचे! पाऊण शतक उलटून गेलं तरी या एका शॉटचं धाडस शिळं झालेलं नाही.

त्यानंतर फोंडा साधा खलाशी म्हणून अमेरिकेच्या नौदलात भरती झाला, पुढे अधिकारी झाला, पॅसिफिकमध्ये काम करून ब्राँझ स्टार घेऊन परतला. परतल्यावर फोर्डबरोबर केलेले दोन चित्रपट एकत्र पाहावेत असे आहेत. 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' १९४६ चा, 'फोर्ट अपाची' १९४८ चा. पहिल्यात तो टूमस्टोनचा मार्शल वायट अर्प. ओसरीवर खुर्ची मागे रेलून तो बसलेला, समोरच्या खांबाला एकदा हा पाय टेकवतो, एकदा तो, तोल सांभाळत, आणि सारा वेळ रस्त्यावर नजर. कथेत त्या क्षणी काहीही घडत नाही. पण कायदा गावात आला की माणसाला असं निवांत बसता येतं, हे त्या दोन बुटांत आहे. मग अर्धवट बांधलेल्या चर्चच्या तळावर तो क्लेमेंटाइनबरोबर नाचतो. अवघडलेला, गुडघे उचलून, पण मनापासून. 'फोर्ट अपाची'मध्येही तो नाचतो. तिथे तो लेफ्टनंट कर्नल ओवेन थर्सडे आहे, पाठीचा कणा लोखंडासारखा, शिस्तीचा आणि घराण्याच्या अभिमानाचा आंधळा. सार्जंटच्या बायकोबरोबर नाचावं लागतं कारण रीत तशी आहे, आणि पाऊल एकदाही चुकत नाही. हाच माणूस पुढे अपाचींना दिलेला शब्द मोडतो आणि आपल्या तुकडीला मरणाच्या खिंडीत घालतो. दोन वर्षांच्या अंतराने तीच उंची, तोच सरळपणा, तेच निळे डोळे. पण दुसऱ्यांदा त्या सरळपणाची भीती वाटते. फोंडातला ताठ माणूस कुठल्या बाजूला झुकू शकतो हे फोर्डने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

'मिस्टर रॉबर्ट्स'विषयी थोडक्यात सांगतो. हे नाटक फोंडाने १९४८ पासून ब्रॉडवेवर हजारांहून अधिक प्रयोग केलं, त्यासाठी टोनी पारितोषिक मिळवलं, आणि ते त्याला देवासारखं होतं. १९५५ च्या चित्रपटात फोर्डने विनोद भडक केला. दोघांत खटका उडाला, फोर्डने हात उगारला आणि सोळा वर्षांचं नातं संपलं. दिग्दर्शन दुसऱ्याने पुरं केलं. चित्रपट चालला, पण त्याचे सांधे उघडे दिसतात. रॉबर्ट्सच्या शांतपणात नाटकाची जी आठवण उरली आहे तिच्यासाठी तो इथे घेतला.

आता संग्रहाचा मध्य. 'द राँग मॅन' १९५६ च्या डिसेंबरमध्ये आला आणि 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' १९५७ च्या एप्रिलमध्ये. अवघ्या काही महिन्यांत फोंडा एकाच गोष्टीच्या दोन टोकांना उभा राहिला. हिचकॉकच्या चित्रपटातला मॅनी बॅलेस्ट्रेरो खरा माणूस होता, न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये बेस वाजवणारा. बायकोच्या दातांच्या खर्चासाठी तिच्या विम्यावर कर्ज काढायला तो कचेरीत जातो आणि खिडकीमागच्या बायकांना वाटतं की पूर्वी दरोडा घालून गेला तो हाच. पोलीस त्याला दरोडेखोराची चिठ्ठी लिहायला लावतात, आणि शब्दलेखनाची दरोडेखोराने केलेली चूक घाबरलेला मॅनीही करतो. इतकं पुरतं. हिचकॉकने खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या ठिकाणी चित्रण केलं आणि स्वतःच्या नेहमीच्या क्लृप्त्या बऱ्याच बाजूला ठेवल्या. फोंडा इथे जवळजवळ काहीच करत नाही. कपडे उतरव म्हटलं की उतरवतो, बोटांचे ठसे दे म्हटलं की देतो. निरपराध माणूस ओरडेल, भांडेल ही आपली अपेक्षा खोटी ठरते. यंत्रणेच्या हातात सापडलेला गरीब माणूस आज्ञाधारक होतो, हे त्याने दाखवलं. व्हेरा माइल्सने केलेली बायको यात मनाने कोसळते, आणि खरा चोर सापडल्यावरही ती सावरत नाही. हिचकॉकच्या चाहत्यांना हा चित्रपट नीरस वाटतो. मला तो त्याचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' रेजिनाल्ड रोजने १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिला होता. फोंडाने रोजबरोबर त्याची निर्मिती केली, आणि दिग्दर्शनासाठी सिडनी लुमेट या दूरचित्रवाणीतल्या तरुणाला घेतलं. लुमेटचा हा पहिलाच चित्रपट. चित्रीकरण तीन आठवड्यांच्या आत उरकलं. बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं, अमेरिकेत गल्ला मात्र जमला नाही, आणि फोंडाने पुन्हा निर्मात्याच्या खुर्चीत बसायचं नाही असं ठरवलं.

या चित्रपटाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, म्हणून तो नीट पाहिला जात नाही. सुरुवातीला बारा जण खोलीत येतात, कोट काढतात, उकाड्याबद्दल बोलतात. आठ नंबरचा सदस्य कुठे असतो? खिडकीपाशी, पाठमोरा, बाहेर पाहत. त्याला हाक मारून टेबलाशी बोलवावं लागतं. ओमाहातली खिडकी ठाऊक असलेल्याला ही चौकट साधी वाटूच शकत नाही. मतदान होतं: अकरा विरुद्ध एक. मुलगा निर्दोष आहे असं तो म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो, आणि एका पोराला मरायला पाठवण्याआधी तासभर बोलू या म्हणतो. पुढे एकदा तर तो स्वतःचं मतही मागे घेतो: गुप्त मतदान घ्या, अकराही दोषी म्हणाले तर मी आडवा येणार नाही. हा जुगार आहे, आणि फोंडा तो पुन्हा खिडकीशी जाऊन, पाठ करून खेळतो. एक चिठ्ठी निर्दोषची निघते.

लुमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी त्या एका खोलीत काय केलं हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर आहे, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर, शेवटच्या भागात खाली. लेन्सही क्रमाक्रमाने लांब पल्ल्याच्या होत जातात. त्यामुळे भिंती जवळ येतात, छत डोक्यावर उतरतं आणि घामाने भिजलेले चेहरे एकमेकांना चिकटतात. न्यायालयाच्या पायऱ्यांवर पुन्हा रुंद लेन्स लागते आणि श्वास मोकळा होतो. कायद्याच्या अंगाने एक आक्षेप खराच आहे: ज्युरीतल्या माणसाने स्वतः बाजारात फिरून तसाच चाकू विकत आणणं नियमात बसत नाही. ली जे. कॉबसारखा तोलामोलाचा नट समोर गर्जत असताना फोंडा आवाज न चढवता तोल राखतो, आणि शेवटी हरलेल्या कॉबला कोट चढवायला मदत करतो. जिंकल्याचा लवलेश त्या हातांत नाही.

हा चित्रपट आपल्याला जवळचा वाटण्याचं कारण बासू चॅटर्जींचा १९८६ चा 'एक रुका हुआ फैसला' हे आहे. त्यात फोंडाच्या जागी के. के. रैना, आणि कॉबच्या जागी पंकज कपूर. तो आला तेव्हा भारतातल्या फौजदारी खटल्यांतून ज्युरी कधीच गेली होती, आणि तिच्या जाण्याशी जोडलेला सर्वांत गाजलेला खटला मुंबईचाच. १९५९ साली नौदलातल्या कमांडर नानावटींना खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. बाहेर लोकभावना उसळलेली, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने मोहीम उघडलेली. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे शिक्षा झाली; ती पुढे सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. लुमेटच्या चित्रपटानंतर दोनच वर्षांनी मुंबईच्या ज्युरीच्या खोलीतही एक माणूस आठांच्या विरुद्ध बसला होता. त्याने कुणाचं मन वळवलं नाही. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पाहताना मला त्या नवव्या माणसाची आठवण होते. त्याच्यावर कोणी चित्रपट काढलेला नाही.

१९६४ च्या 'फेल सेफ'मध्ये लुमेटने फोंडाला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केलं. यंत्रातल्या बिघाडाने अमेरिकन बॉम्बफेकी विमानं मॉस्कोकडे निघाली आहेत. भूमिगत खोलीत तो, एक दुभाषा आणि एक टेलिफोन. पार्श्वसंगीत अजिबात नाही. बारा माणसांच्या खोलीतली समजूत काढण्याची कला इथे रशियाच्या पंतप्रधानाशी बोलताना पणाला लागते आणि अपुरी पडते. त्याच वर्षी आधी आलेल्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'च्या छायेत हा चित्रपट झाकला गेला. तो पुन्हा उजेडात यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मग सर्जिओ लिओने. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी फोंडा तपकिरी काँटॅक्ट लेन्स लावून आणि मिशा वाढवून आला, कारण भूमिका खलनायकाची होती. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला तेच निळे डोळे हवे होते. वाळवंटातल्या घरासमोर एका कुटुंबाची हत्या होते. लांब कोट घातलेली माणसं झुडपांतून पुढे येतात, एक लहान मुलगा उरलेला आहे. कॅमेरा म्होरक्याच्या पाठीमागून हळूहळू वळसा घेत समोर येतो आणि दिसतो तो लिंकन, टॉम जोड, आठ नंबरचा ज्युरर. साथीदाराने त्याला 'फ्रँक' अशी नावाने हाक मारलेली असते. 'यंग मिस्टर लिंकन'मध्ये नाव घेतल्याने एक माणूस वाचला होता, इथे नाव ऐकल्यामुळे मुलगा मरतो.

या चित्रपटाचं रहस्य मी इथे सांगणार आहे. ज्यांना ते आधी नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद चित्रपटानंतर वाचावा.

शेवटच्या द्वंद्वात चार्ल्स ब्रॉन्सनची आठवण उलगडते. उघड्या माळावर एक कमान, तिला दोर, दोराला एक माणूस, आणि तो उभा आहे आपल्या धाकट्या भावाच्या खांद्यांवर. भाऊ कोसळला की थोरल्याचा जीव गेला. समोर तरुण फ्रँक हसत येतो आणि मुलाच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. फासाभोवतीची जी एक जागा फोंडाने कधी घेतली नव्हती, ती त्याने त्रेसष्टाव्या वर्षी घेतली, आणि त्या दृश्यात पाहणारा पुन्हा एक मुलगा आहे. अमेरिकेत तेव्हा चित्रपट कापून दाखवला गेला आणि पडला. पॅरिसने मात्र तो डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी मुलगा पीटरचा 'ईझी रायडर' आला. त्याच्याही शेवटी रस्त्यावरच्या परक्या माणसांना नुसत्या दिसण्यावरून गोळ्या घातल्या जातात. बापलेकांत तेव्हा फारसा संवाद नव्हता.

घरातल्या फोंडाविषयी गोड बोलण्याचं कारण नाही. पाच लग्नं, दुसरी पत्नी फ्रान्सेस हिची १९५० मधली आत्महत्या, मुलांपासून लपवलेलं तिच्या मृत्यूचं कारण, आणि घरभर पसरलेला अबोला. जेन फोंडाने आत्मचरित्रात वडिलांच्या त्या थंडपणाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. छापखान्यातून गप्प घरी परतलेल्या बापाचा हा मुलगा स्वतःच्या मुलांशीही गप्पच राहिला. म्हणून 'ऑन गोल्डन पाँड' इथे आहे. नाटकाचे हक्क जेनने वडिलांसाठी मिळवले आणि मुलीची भूमिका स्वतः केली. चित्रपट म्हणून तो मला थोडा गोडसर वाटतो. पण बापलेकीच्या दृश्यात जेनने तालमीत न ठरवता वडिलांच्या दंडावर हात ठेवला, आणि ज्याच्या चेहऱ्यावरची रेष गरजेवाचून हलत नव्हती त्याचे डोळे भरून आले. तो मान वळवतो, पण आपण पाहिलेलं असतं. पहिल्या दिवशी कॅथरीन हेपबर्नने स्पेन्सर ट्रेसीची टोपी आणून फोंडाला दिली होती. ती चित्रपटात त्याच्या डोक्यावर आहे. २९ मार्च १९८२ ला ऑस्कर घ्यायला तो जाऊ शकला नाही, जेनने ते स्वीकारलं. १२ ऑगस्टला तो गेला.

एका चित्रपटाचं नाव मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. प्रेस्टन स्टर्जेसचा १९४१ चा 'द लेडी ईव्ह' या सगळ्या धाग्याबाहेरचा आहे. त्यात फोंडा ॲमेझॉनहून परतलेला सर्पशास्त्रज्ञ आहे, बिअरच्या कारखानदाराचा साधाभोळा वारस, आणि बार्बरा स्टॅनविक त्याला जहाजावर हातोहात फसवते. जिना, सोफा, पडदा, जे मिळेल त्याला अडखळून तो पडतो, आणि पडतानाही चेहऱ्यावरचं गांभीर्य ढळू देत नाही. केबिनमध्ये एका लांबलचक शॉटमध्ये ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत बोलत राहते आणि तो घायाळ होऊन नुसता ऐकत राहतो. ऐकण्याची जी ताकद इतरत्र न्यायासाठी लागते, तिचा स्टर्जेसने निखळ हसण्यासाठी वापर केला.

संग्रहात चित्रपट सालवार लावले आहेत, पण पाहताना तो क्रम पाळायलाच हवा असं नाही. सुरुवात 'द ऑक्स-बो इन्सिडंट'ने करावी. तो सव्वा तासाचाच आहे. 'द राँग मॅन' आणि 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लागोपाठ दोन संध्याकाळी पाहावेत, याच क्रमाने. लिओनेकडे मात्र 'यंग मिस्टर लिंकन' आणि 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' पाहिल्याशिवाय वळू नये, कारण त्या वळसा घेणाऱ्या कॅमेऱ्याचा धक्का आधी त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवलेल्यालाच बसतो. 'द लेडी ईव्ह' कधीही लावावा.